मिचिकोबाईंची कागदी पिशवी

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात मी मिचिकोबाईंना घेऊन मुंबईहून रत्नागिरीला निघाले. मी जपानी शिकलेली, म्हणून दुभाषी. रत्नागिरीतल्या मांडवीचा दत्ताराम बोटीवर खलाशी होता. कोबे बंदरात तो तापाने पडला आणि बोट पुढे निघून गेली, तेव्हा खानावळ चालवणाऱ्या या बाईंनी त्याला महिनाभर घरात ठेवून घेतलं. भारत पाहायला आल्यावर त्याच्या आईला भेटायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

दोरीच्या कानांची पांढरी कागदी पिशवी (त्यांच्या भाषेत 'कामिबुकुरो') त्यांनी एस.टी.त मांडीवरून हलवली नाही. चिपळूणला चहासुद्धा एका हाताने घेतला. हातखंब्यानंतर खिडकीतून जांभ्याची लाल धूळ येऊ लागली, तशी पिशवी गुलाबी दिसू लागली.

दत्ताराम तेव्हा समुद्रावर होता. त्याची आई, सुभद्राकाकी, पडवीत (घराच्या पुढच्या ओसरीत) शेजारणींसह वाट पाहत होती. कोकम सरबत झालं. मिचिकोबाईंनी पिशवी उचलली, काकींनी हात पुढे केले, आणि बाईंनी ती चटकन मागे ओढली. आतला डबा काढून वाकून दोन्ही हातांनी दिला. रिकामी पिशवी चार घड्या घालून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

मी थिजले. शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. काकींचा चेहरा उतरला.

"पिशवी हातात देववली नाही गो हिला?" त्यांनी मला हळूच विचारलं. "आम्ही काय ठेवून घेतली असती?"

मी मिचिकोबाईंना विचारलं, तर त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पिशवी फक्त वाटेतली धूळ झेलायला. भेट तिच्यातून काढूनच द्यायची, मळकी पिशवी यजमानांच्या हाती देणं म्हणजे त्यांचा अपमान, असं त्या घाईघाईने सांगत राहिल्या. माझ्या पुस्तकांत हे कुठेच नव्हतं.

मी काकींना सगळं सांगितलं.

"माझा पोर हिच्या दारात पडला, तेव्हा त्याच्या अंगावर आठ दिवसांचा घाम होता," त्या म्हणाल्या. "त्याला बरा घरात घेतला हिने. विचार तिला."

मी शब्दन् शब्द सांगितला. मिचिकोबाई वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. शेवटी काकींनीच त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि जेवायला आत नेलं. सुरमईचं कालवण जेवताना दोघींना माझी गरज पडली नाही.

परतताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. पिशवी मागे ओढली त्या क्षणीच, परक्या मुलाची महिनाभर सेवा केलेल्या या बाईला मी मनातल्या मनात कंजूष ठरवून मोकळी झाले होते. काकींनी निदान विचारलं तरी.