पाटावर बसलेली दोन बुचं

मोटारीतलं मला काहीही कळत नाही, हे सिद्ध करायला मला फक्त एक सकाळ लागली. त्याआधी तीन वर्षं सासुरवाडीत माझी ख्याती बरोबर उलटी होती!

लढाईचे दिवस. पेट्रोल कुपनावर. माझे सासरे आण्णा कर्जतला वकील. एका साहेबाने विलायतेला जाताना फुंकून टाकलेली जुनाट मोटार त्यांनी हौसेने घेतली होती. ती वर्षभर छपरात उभी होती आणि तिच्या टपावर शेजारच्या कोंबड्या झोपत. पण त्या खंडेनवमीला ती निघणार होती. माझी मेहुणी कमल हिला पाहायला नगरची मंडळी यायची होती. पाहुणे सर्व्हिस मोटारीने, म्हणजे भाड्याच्या बसने, मिरजगावपर्यंत येणार आणि तिथून दहा वाजता आम्ही त्यांना आणायचं, असा बेत. याआधी कमलची पत्रिका तीन ठिकाणी अडली होती. जुळलेली ही पहिलीच.

सकाळी सातला आण्णांनी मोटार चालू करून अंगणात एक फेरी मारली. जात्यात खडे पडावेत तशी ती घरघरली.

"ही घरघर ऐकून पाहुणे वाटेतच उतरतील हो!" आण्णा म्हणाले.

गप्प बसायला काय झालं होतं मला? पण जावई ना मी! म्हटलं, "गिअरबॉक्सचं तेल बदललं पाहिजे. खालचं बूच काढायचं, जुनं सोडायचं, नवं भरायचं. अर्ध्या तासाचं काम!"

(मी शाळेत भूगोल शिकवतो. हे वाक्य मी नगरला एका गॅरेजबाहेर चहा पिताना ऐकलं होतं.)

आण्णांच्या डोळ्यांत कौतुक दाटलं. विहिरीवरचं इंजिन सांभाळणारा सखाराम पाना घेऊन हजर झाला. धोतराचा काचा मारून मी मोटारीखाली शिरलो. खाली पाहतो तो काय, कर्जत तालुक्याची सगळी काळी माती तिथे येऊन चिकटलेली! खुरप्याने खरवडता खरवडता एक बूच दिसलं.

"सापडलं!" मी ओरडलो.

सखाराम वाकून म्हणाला, "जावायबापू, त्ये न्हवं. त्ये इंजिनाचं हाय. गेरबाक्साचं लई मागं आसतंय."

"सखाराम, विहिरीवरचं इंजिन वेगळं आणि मोटार वेगळी!"

"व्हय जी," तो म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला. तो का सरकला ते मला लगेच कळलं. बूच निघालं आणि काळंभोर तेल भसकन माझ्या तोंडावर! इंजिन रिकामं झालं, मी भरलो.

आता माघार कसली घ्यायची? मागचं बूचही मी काढलंच. त्यातून गुळाच्या काकवीसारखं काहीतरी आलं, ते छातीवर घेतलं. दोन्ही बुचं बायकोच्या हातात देऊन म्हटलं, "राखेनं लख्ख घास, तोवर मी तोंड धुतो."

माझं तोंड धुवून होईना. शिकेकाई झाली, बेसन झालं. अखेर अर्धवट काळा असा मी परत आलो.

"बुचं कुठं आहेत गं?"

"आईनं नेली."

देवघरात गेलो आणि जागीच थिजलो. पाटावर ओळीने कोयता, कुऱ्हाड, खुरपं, अडकित्ता, विळी, पाना, आणि मधोमध तांब्याच्या ताम्हनात माझी दोन्ही बुचं! हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचं एकेक फूल. खंडेनवमीची पूजा यथासांग झाली होती.

सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "मोटार काही देवघरात येत नाही. मी विचारच करत होते, तर ही आयती मिळाली!"

"अहो, पण ती आत्ता लागणार आहेत!"

"आत्ता? एकदा पाटावर बसलेलं हत्यार उद्या दसऱ्याची उत्तरपूजा झाल्याशिवाय उठत नाही, जावईबापू. तुम्ही शिकलेले, तुम्हाला काय सांगायचं!"

आण्णांनी वकिली सुरू केली. "अगं, बूच म्हणजे हत्यार नव्हे. ते झाकण आहे, झाकण!"

"मग घासून पुसून देवासमोर आलं कशाला?" सासूबाईंनी विचारलं. जन्मभर कोर्ट गाजवणारे आण्णा खाली बसले.

"लाकडाचं बूच ठोकू," मी म्हणालो.

"तासनार कशानं?" सखाराम म्हणाला. "कोयता बसलाय. समद्या गावाची हत्यारं बसल्यात. सुताराच्या दारात गेल्तो, त्यो म्हनला, आज बाप आला तरी वाकसाला हात लावनार न्हाई."

मग त्यानेच हळूच सुचवलं, "दात तर कुनी बसवलं न्हाईत?"

आणि खरं सांगतो, आम्ही बसलो! कडुनिंबाच्या अंगठ्याएवढ्या फांद्या मोडून मी, आण्णा आणि सखाराम ओसरीवर ओळीने बुचं कुरतडत होतो. मधेच आण्णांची कवळी फांदीत अडकून बाहेर आली. ती हातात घेऊन त्यांनी आधी सासूबाई बघत नाहीत ना याची खात्री केली, न जाणो, हीपण पाटावर जायची! दहा वाजले, बारा वाजले. कमल दाराआडून दोनदा बघून गेली. तिचे डोळे भरलेले पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आणखी जोराने कुरतडलं.

चार वाजता मी मोटारीखाली चित होतो, तोंडात कडू फांदी, आणि अंगणात बैलगाडी थांबली. मिरजगावला वाट पाहून पाहून मंडळी भाड्याच्या गाडीने धूळ खात आली होती! मी सरपटत बाहेर आलो. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"हे कोण?"

आण्णांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "हे? हे मिस्त्री."

"आणि थोरले जावई?"

"ते तुम्हालाच आणायला मिरजगावला गेलेत. चुकामूक झाली वाटतं."

झालं! पाहुणे जाईपर्यंत मी छपरात कोंबड्यांबरोबर. माझ्या वाटचे पोहे सखारामने आणले. विळी पाटावर असल्यामुळे त्यात कांदा नव्हता.

"आत काय चाललंय रे?" मी कुजबुजलो.

"पावन्यांनी त्या बुचांचं इचारलं. बाईसाहेबांनी सांगितलं समदं. म्हातारा लई खूश! म्हनला, पावनं ताटकळलं तरी ज्या घरात पूजा मोडत न्हाई, त्याच घरातली पोरगी आमाला पायजे. ठरलं जी लगीन!"

आनंदाने मला रडूच आलं. तेलकट बाहीने डोळे पुसले, तर तेच चुरचुरायला लागले.

त्याचं श्रेय मला एक दिवस तरी मिळेल, असं वाटायचं. पुढच्या खंडेनवमीला पुन्हा कर्जतला गेलो. देवघरात हत्यारं मांडून झाली होती आणि शेवटी एक पाट रिकामा होता, त्याभोवती रांगोळी, पुढे हळदकुंकू. मी विचारलं, "इथं काय मांडायचंय?"

सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "तुम्ही बसा, जावईबापू. आणि उद्याची उत्तरपूजा होईपर्यंत उठायचं नाही हं!"