शीलाचं बांधलेलं बोट

आमच्या ठाकुर्लीच्या चाळीत शीला भिंतीपलीकडे राहायची. भिंत कसली, नुसता पापुद्रा. त्यामुळे त्र्याण्णव साली तिच्या घरात काय चाललंय ते मला न विचारताच कळायचं, आणि नाही कळलं तर मी विचारायचेच. नवरा उत्तम, त्याच्या कंपनीला टाळं लागलेलं. माणूस सज्जन, पण दिवसभर घरात दाढी खाजवत बसायचा. मला बघवायचं नाही. दोन मुली शाळेत. घर चालायचं ते शीलाच्या टायपिंगवर.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात चौघी टायपिस्ट होत्या, त्यातली ती एक. सगळ्यांत थोरल्या लक्ष्मीबाई, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या. घरातल्या बाकी बायका मासळीच्या पाट्या उचलत असताना ह्या मॅट्रिक होऊन ऑफिसात लागलेल्या. शीला नवी होती तेव्हा त्यांनीच तिला शेजारी बसवून तयार केलं. मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. साहेबाने सांगून टाकलं, परीक्षा घेणार, जमेल ती एक राहील, बाकीच्या घरी. शिकवायचं मात्र नाव नाही. आईच्या पोटातून शिकून यायचं होतं की काय बायकांनी!

शीलाने कानातल्या कुड्या मोडल्या आणि डोंबिवलीच्या कॉम्प्युटर क्लासात नाव घातलं. ऑफिस सुटलं की परस्पर तिकडे, मग घरी येऊन कुकर.

पहिल्या परीक्षेला साहेबाने मालाच्या आकड्यांचा तक्ता दिला. चौघींनी बघता बघता तो कॉम्प्युटरवर उतरवला, आणि चौघींचीही बेरीज चुकली. आकडे डोळ्यांनी तपासले तर सगळे बरोबर दिसत होते. साहेब म्हणाला, बायकांच्या हातात मशीन बिघडतं. महिन्याभराने पुन्हा परीक्षा घेतो म्हणाला, तेही उपकार केल्यासारखं.

शीलाने क्लासातल्या सुधीरसरांसमोर तसाच तक्ता पुन्हा करून दाखवला. पोरगेलासा मास्तर, पण तो पडद्याकडे न बघता हिच्या बोटांकडे बघत राहिला. जुन्या टाइपरायटरवर एकचा आकडाच नसतो म्हणे. टायपिस्ट तिथे इंग्रजी स्मॉल एल मारतात, कागदावर दिसायला सारखंच. कॉम्प्युटरला मात्र ते अक्षर. बेरजेत तो ते धरतच नाही. सरांनी एकचं बटण दाखवलं, डाव्या करंगळीने मारायचं, वरच्या कोपऱ्यातलं.

आता माहीत झालं, पण बोट ऐकेल तर ना! इतक्या वर्षांची सवय. एक आला की उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आपोआप एलवर जायचं. शेवटी तिने त्या बोटाला घट्ट चिंधी बांधली. पुठ्ठ्यावर बटणं आखली आणि कुकरच्या शिट्टीची वाट बघत आकडे बडवत बसायची. त्याच बांधल्या बोटाने भाकऱ्या थापायची, धुणं आपटायची, तशीच ऑफिसला जायची. नळावर बायका विचारायच्या, कापलं का गं? ती हो म्हणायची. मी एकदा चिडून म्हटलं, सडेल ते बोट. ती पुठ्ठा बडवत राहिली.

दुसऱ्या परीक्षेत बेरीज बरोबर आली ती तिची एकटीची. पगार वाढला. मी चाळभर साखर वाटली. उत्तमसुद्धा गुळगुळीत दाढी करून आला.

आठवडाभराने ती घरी आली. बघते तर बोटाला पुन्हा चिंधी. अगं, परीक्षा झाली ना आता, मी म्हटलं.

“काकू, आज लक्ष्मीबाईंचा शेवटचा हिशेब मीच टाइप केला, बोट बांधून,” ती म्हणाली. “एकही आकडा चुकला नाही. महिनाभर त्या माझ्या शेजारी बसत होत्या. बोटाला काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तर मी त्यांनाही कापलं म्हणाले.”

रागवायचं कोणावर? तिच्या पोरींच्या तोंडात घास घालायला साहेब येणार होता का? पण लक्ष्मीबाईंचाही नवरा गेलेला, मुलगा अजून शिकत होता. चार बायकांसमोर एकच जागा टाकणारा मेला मात्र पंख्याखाली आरामात बसला होता.

त्या रविवारी शीला चेंदणीला जाऊन लक्ष्मीबाईंना सगळं सांगून आली. तिथे काय झालं ते तिने मला सांगितलं नाही, आणि मीही पहिल्यांदाच विचारलं नाही. लक्ष्मीबाईंना पुढे कुठे नोकरी लागली नाही. पन्नाशीच्या बाईला कोण घेतंय? पण ते नंतरचं. पुढच्या रविवारी त्या आमच्या चाळीत आल्या, सुक्या बोंबलांची पुडी घेऊन. पुडी शीलाच्या धाकटीच्या हातात दिली आणि जमिनीवर बसल्या. शीलाने पुठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. तिला मान वर करवत नव्हती.

लक्ष्मीबाईंनी उजवा हात पुढे केला.

“बांध,” म्हणाल्या. “घट्ट बांध. माझं बोट तुझ्यापेक्षा जुनं आहे.”

शीला बांधत होती आणि रडत होती. मी चहा टाकायला उठले.