सौभाग्यवती हडळ

रामकिसनला माणसांच्या दातांचा कंटाळा आला होता.

एकवीस वर्षं तो क्रांती चौकामागच्या गल्लीत फ्लेक्सच्या दुकानात बसून लोकांचे दात पांढरे करत होता. वाढदिवस असला की मधोमध एक मोठं हसरं तोंड, वर नेत्यांची तोंडं, खाली शुभेच्छुकांची रांग. कुणी वारलं तरी साचा तोच. फुलं पांढरी करायची आणि शुभेच्छुकांचे शोकाकुल करायचे. फोटो तेच, हसूही तेच. शहराचं नाव बदललं त्या आठवड्यात त्यानं दोनेकशे फायलींत ते बदललं. त्याचं मत कुणी विचारलं नाही. अक्षर ठळक ठेवा, एवढंच सांगितलं.

वैजापूरला शाळेत असताना त्याचं चित्र तालुक्यात पहिलं आलं होतं. सगळा कागद काळा आणि मधे कंदिलाएवढा उजेड, बस. त्या एका बक्षिसाच्या जोरावर गडी शहरात आला. दुकानात पहिल्याच दिवशी मालक म्हणाले, "काळी जागा म्हंजे वाया गेलेली जागा. तिथं चार तोंडं बसतात." तेव्हापासून रामकिसन तोंडं बसवत होता. बसवून बसवून मान गेली, तिला पट्टा आला.

म्हणून कॉलेजचं एक पोरगं येऊन "भाऊ, भुताच्या पिच्चरचं पोस्टर करायचंय" असं म्हणालं, तेव्हा रामकिसननं मान वर केली. पट्ट्यामुळे मानेबरोबर सगळा रामकिसनच वर झाला.

पोराचं नाव कडूबा. आधीची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये असं ठेवलेलं. कॉलेजात मात्र तो केडी. वीस मिनिटांचा सिनेमा, नाव 'उपसा'. विहिरीतून पाण्याबरोबर एक बाई वर येते, एवढीच गोष्ट. शूटिंग बिडकीनला, चुलत्याच्या मळ्यात. हडळ म्हणून ठरलेली कॉलेजची मुलगी विहीर बघूनच घरी गेली. मग चुलती, द्वारकाबाई, उभी राहिली. कॉलेजसाठी एक मोठं पोस्टर, आमंत्रणाच्या पत्रिका आणि बिडकीनच्या स्टँडवर एक फ्लेक्स, असं काम होतं.

"पोस्टर काळं ठेवू," रामकिसन म्हणाला.

"तुम्ही म्हणाल तसं, भाऊ."

असं त्याला एकवीस वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. चार दिवस, दोन वाढदिवसांच्या आणि एका दशक्रियेच्या मधे वेळ काढून त्यानं ते पोस्टर केलं. सगळीकडे अंधार, कोपऱ्यात द्वारकाबाईंचा अर्धा चेहरा, डोळे पांढरे, गाल निळे. कपाळावरचं कुंकू हडळीला शोभेना, ते त्यानं माऊसच्या दोन फटक्यांत पुसलं. दात कुठंच नव्हते. आपलं म्हणावं असं हे एकच काम, एवढं तरी जसंच्या तसं छापलं जावं, असं त्याला फार वाटत होतं.

"एक नंबर, भाऊ!" कडूबा म्हणाला. "फक्त काकांना दाखवून घेतो."

ह्या 'फक्त'ची रामकिसनला जुनी ओळख होती.

दुसऱ्या दिवशी काका, म्हणजे तात्यासाहेब, कडक इस्त्रीत आले. मागं कडूबा आणि द्वारकाबाई.

"आपला फोटू कुठंय?" तात्यासाहेबांनी बसायच्या आधी विचारलं.

"काका, भुताचा सिनेमाय," कडूबा म्हणाला.

"असू दे की. मळा कुणाचा? इहीर कुणाची? अन् हडळ कुणाची?"

मग ते चष्मा लावून स्क्रीनजवळ गेले आणि तिथंच थबकले.

"हिचं कपाळ मोकळं कुणी केलं?"

"हडळ आहे ना, साहेब," रामकिसन हळूच म्हणाला.

"हडळ असंल. पर मी जिता हाय ना? हे स्टँडवर लागलं, तर सांजच्याला लोक दुखवट्याला येतील माझ्या घरी. अन् दार उघडायला मीच!"

रामकिसननं कुंकू परत लावलं. पांढरे डोळे, निळे गाल आणि वर ठसठशीत कुंकू. कडूबा कळवळला. "भाऊ, आता ही संक्रांतीचं वाण घ्यायला आल्यासारखी दिसतीय."

द्वारकाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "सकाळी चुलीम्होरं अशीच तर असते मी. यात भ्यायचं काय?" मग पुढं होऊन म्हणाल्या, "तोंड कशाला ठेवता, दादा? खोटं वाटतंय. मी इहिरीतून वर आले तवा अंधारात ह्या पोरांनी बॅटरी मारली, तर आधी नुसतं कुंकूच दिसलं त्यांला. क्यामेरा टाकून पळाली."

"पळालो नाय, मागं सरलो," कडूबा म्हणाला.

"कुठपर्यंत? डांबरीपर्यंत."

रामकिसननं चेहराच पुसला. डोळे गेले, गाल गेले. राहिला अंधार आणि त्यात लटकणारं एक कुंकू. बोटानं लावल्यासारखी त्याची कड त्यानं थोडी वाकडी केली. खाली बारीक अक्षरांत सिनेमाचं नाव, त्याखाली 'सौ. द्वारकाबाई'. छपाईच्या मशीनवरचा पोरगा सांडू शाई पुसत सहज डोकावला आणि एक पाऊल मागं गेला. "आत कोण हाय वो?"

रामकिसनला वाटलं, सुटलो.

"झ्याक हाय," तात्यासाहेब म्हणाले. "पर मी कुठंय?"

त्यांनी मोबाइलवर पाठवलेला फोटो रामकिसनच्या कॉम्प्युटरवर येऊन पडलाच होता. हात जोडलेले, गॉगल, दात सगळे. भांडायचं अंगात बळ नव्हतं. सवयीनं त्याचा हात माऊसवर गेला, उजव्या कोपऱ्यात जागाही दिसली. चार तोंडं बसली असती, इथं तर एकच होतं.

"तुमीच तर हाय की तिथं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"मंग कुंकू कुणाच्या नावाचं लावते मी?"

तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "व्हय की," ते म्हणाले. "अन् लई मोठं हाय." आजवर कुठल्याच बॅनरवर त्यांना एवढी जागा मिळाली नव्हती. द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला; त्या हसत होत्या की काय, ते पदराला माहीत. रामकिसननं माऊस सोडला.

"स्टँडवरच्या फ्लेक्सला मात्र फोटू लागंल हां," तात्यासाहेब जाताना म्हणाले. तो फ्लेक्स रामकिसननं वाढदिवसाच्या साच्यातून पंधरा मिनिटांत काढला. अकरा तोंडं बसली.

कॉलेजातल्या खेळाला कडूबानं त्याला पत्रिका दिली होती, पण त्या दिवशी तीन वाढदिवस निघाले. संध्याकाळी मोबाइलवर फोटो आला. काळं पोस्टर, आणि त्याच्या शेजारी हात जोडून, सगळे दात दाखवत उभे तात्यासाहेब. खाली कडूबानं लिहिलं होतं, 'येणाऱ्या प्रत्येकाला सांगतायत, हा मी.'

रामकिसननं मानेचा पट्टा जरा सैल केला. दोन बोटांनी तो फोटो मोठा करत गेला. आधी जोडलेले हात बाहेर गेले, मग गॉगल. दात तेवढे चिवट निघाले, पण शेवटी तेही गेले. राहिला अंधार आणि कुंकू.

"सांडू, पुढचं काय हाय?" त्यानं विचारलं, पण मोबाइल मात्र लगेच खाली ठेवला नाही.