गाळण्याचा वास

"मॅडम, माती चांगली हाय म्हणून लिवा आनि मोकळ्या व्हा," अण्णा म्हणाले.

निपाणीच्या अलीकडं हायवेला लागून अण्णांचा पेट्रोल पंप होता. तो बंद पडून बरीच वर्षं झाली. टाक्या उपटून नेल्या, खड्ड्यात मुरूम भरला. आता जागा विकायची होती, आणि जमिनीत तेल मुरलेलं नाही या रिपोर्टवर घेणाऱ्याला माझी सही पाहिजे होती.

माती हुंगणं हाच माझा धंदा. बोअर मारायचा, माती वर काढून पिशवीत घालायची आणि मीटर लावायचा. त्याला आम्ही स्निफर म्हणतो, कारण तो तेलाची वाफ पकडतो. टाक्यांच्या खड्ड्याभोवती बोअर मारले, स्निफर गप्प. लॅबचे रिपोर्टही क्लीन आले.

म्हणजे सही करायला हरकत नव्हती. हरकत होती ती कुंपणापलीकडच्या पद्माक्कांची. विहिरीच्या पाण्याला वास येतो, असं त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. अण्णांनी ते पाणीसुद्धा तपासून घेतलं होतं, आणि त्यातही काही निघालं नव्हतं. तेव्हापासून आक्कांना भास होतात असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. प्यायचं पाणी लांबून आणणारी त्यांची सूनही कंटाळली होती. सासूबाईंचं वय झालं, असं ती माझ्यासमोरच म्हणाली. मला ते आवडलं नाही.

आक्कांचं घर जैनांचं. पाणी गाळल्याशिवाय वापरायचं नाही, अगदी भांडी घासायलासुद्धा. दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग ते फडकं गाळलेल्या पाण्यात खळबळून ते पाणी परत त्याच विहिरीत अलगद सोडायचं, म्हणजे त्यातले जीव आपल्या घरी जातात. मी त्यांच्याकडं गेले तेव्हा ते फडकं, त्यांचं गाळणं, दोरीवर वाळत होतं. लोकांच्या घरात फडकी हुंगत फिरणं शोभत नाही, पण जित्याची खोड. नाकाला लावलं आणि चमकले. चक्क डिझेलचा वास.

"आक्का, पाणी कसं काढता?"

"कसं म्हंजे? घागरीनं. मोटारीचं पाणी आमी गाळाय घेत न्हाय गं. जीव परत सोडायचं तर दोरीनंच सावकाश सोडाय पायजे."

"आणि तपासायला आलेल्यांनी बाटली कशी भरली?"

"मोटार लावली आनि नळाखाली धरली की."

तिथंच गाठ सुटली. मोटारीचा पाइप विहिरीच्या तळाशी असतो. डिझेल पाण्यावर तरंगतं. बाटलीत तळाचं पाणी गेलं. आक्कांची घागर मात्र रोज वरची साय काढत होती, आणि गाळणं ती धरून ठेवत होतं.

आता प्रश्न उरला तो डिझेल आलं कुठून हा. टाक्यांभोवतीची माती तर क्लीन होती. मी अण्णांकडं गेले.

"अण्णा, डिझेल कुठं भरत होतात?"

"फुडं. आनि तंबाखूच्या लॉऱ्यांना मागल्या गेटला. लई लांब गाड्या, फुडं वळायच्या न्हाईत. टाकीपासनं जमिनीखालनं पाइप नेऊन एक मशिन तिकडं बसवलं होतं."

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी टाक्यांचं इचारलंसा."

खरंच होतं. मी बेळगावला ऑफिसात फोन लावला.

"सगळे बोअर क्लीन आहेत ना? मग रिपोर्ट का अडलाय?" सर म्हणाले.

"सर, टाकी गळली नाही. पाइप गळलाय."

"पुरावा?"

"एका आक्कांचं गाळणं."

"एक दिवस देतो," सर म्हणाले.

आमच्या गावाकडं, बेळगुंदीला, तांबडी माती, ती बापडी जागची हलत नाही. निपाणीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पुरलेला पाइप दरवर्षी वर-खाली होतो आणि सांधे ढिले पडतात. शिवाय पाइपखाली वाळू घातलेली असते. काळ्या मातीत तेल लवकर शिरत नाही, पण वाळूतून ते पाटातल्या पाण्यासारखं उताराला धावतं. मागच्या गेटचा उतार विहिरीकडं होता.

गेटजवळ पहिलाच बोअर मारला आणि स्निफर ओरडायला लागला. खणलं, तर सांधा उघडा पडलेला आणि खालची वाळू काळी तेलकट. वास कुंपणापलीकडं गेला असावा, कारण आक्का आणि सून दोघीही बघायला आल्या. सुनेनं नाकाला पदर लावला.

"वय झालंय माझं," आक्का तिला म्हणाल्या. "नाकाचं न्हाय."

सर्वांदेखत त्यांचं खरं ठरलं, याचा मला फार आनंद झाला. अभिमानही वाटला, तो कशाला लपवू?

अण्णांचा व्यवहार लांबला. तोंड वाकडं करून का होईना, त्यांनी पाइप काढला, खराब माती उचलून नेली, विहीर पुन्हा पुन्हा उपसली. मी दर खेपेला जाऊन वरच्या थराचं पाणी घेत राहिले. शेवटचे रिपोर्ट चांगले आले तेव्हा मी सही केली आणि कुंपणापलीकडं गेले.

आक्कांनी आधी गाळणं माझ्या हातात दिलं. मी हुंगलं. नुसता ओल्या कापडाचा वास होता. मग सुनेनं विहिरीचं पाणी तांब्यातून आणलं, आणि मी ते न हुंगता प्याले.

तेव्हापासून जुन्या पंपावर गेले की टाक्या कुठं होत्या हे मी नंतर विचारते. आधी विचारते, लॉऱ्या कुठं थांबायच्या.