ब्रुकलिन जिंकलं की लग्न

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या आमच्या फ्लॅटबुशमध्ये ऑक्टोबर म्हणजे सुतकाचा महिना. उन्हाळाभर ब्रुकलिनचा बेसबॉल संघ आपल्या लीगमध्ये भल्याभल्यांना धूळ चारायचा, आणि मग दोन लीगच्या विजेत्यांची शेवटची मालिका आली की समोर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ब्राँक्सचे यांकीज उभे. सातांतले चार सामने जिंकेल तो अजिंक्य. आम्ही हरायचो. एकोणीसशे एकेचाळीस साली हरलो, सत्तेचाळीस साली हरलो, एकोणपन्नास साली तर पार धुऊन निघालो. मग "पुढच्या वर्षी बघू" म्हणत लोक कोट चढवायचे आणि कामाला लागायचे.

असुंता कारावेल्लोचं पार्लर माझ्या बेकरीला लागूनच. ती हातांनी बायकांचे केस कुरळे करायची आणि कानांनी रेडिओ ऐकायची. सामना रंगात आला की गिऱ्हाइकाने तोंड उघडायचं नाही. तिशी उलटलेली, वडील गेलेले, घरी म्हातारी आई.

सत्तेचाळीस साली समोरच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला कॉर्नेलियस हॅनरटी आला. आम्ही त्याला कॉन म्हणायचो. असुंता इटालियन, हा माणूस आयरिश, राहणार ब्राँक्सचा, आणि त्याहून वाईट म्हणजे यांकीजवाला. माझ्याकडे पाव घ्यायला यायचा आणि असुंताच्या दारात रेडिओ ऐकत रेंगाळायचा. त्याला अक्कल एवढीच की आम्ही मालिका हरलो त्याच संध्याकाळी त्याने तिला लग्नाचं विचारलं.

रडून लाल झालेल्या डोळ्यांनी ती म्हणाली, "ब्रुकलिन जिंकलं की करू."

"तोंडात आलं ते बोलले गं," नंतर ती मला म्हणाली. "आता शब्द परत कसा घेऊ?"

एकोणपन्नासला त्याने पुन्हा विचारलं. बावन्नला विचारलं. उत्तर तेच. तिची आई कपाळाला हात लावून म्हणायची, "तुझ्या संघापायी मी नातवंडं न बघताच जाणार."

त्रेपन्न साली आम्ही पुन्हा हरलो तेव्हा कॉन टोपी कुस्करत पार्लरमध्ये आला. "असुंता, यंदा मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. आमचीच माणसं हरू देत म्हणून. माझी आजी थडग्यात कूस बदलत असेल."

"मग?"

"मग काय, देवही यांकीजवालाच निघाला."

ती पोट धरून हसली, पण हो म्हणाली नाही. तो गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. "तुला तो आवडतो की नाही, एकदाचं सांग."

तिने कंगवा धुऊन पुसून ठेवला. मग म्हणाली, "आवडतो गं. पण लग्न केलं की त्याच्यामागून ब्राँक्सला जावं लागेल. हे दुकान, आई, हा रस्ता, सगळं टाकून. संघ हरतोय तोवर मला उत्तर द्यावं लागत नाही."

पंचावन्न साली पहिले दोन सामने गेले. लोकांनी सुतक धरायला घेतलं, तेवढ्यात आम्ही सलग तीन जिंकलो. सहावा हरलो. सातवा मंगळवारी दुपारी, त्यांच्याच मैदानावर. मी बेकरी बंद करून पार्लरमध्ये जाऊन बसले. नवांपैकी सहाव्या डावात आम्ही दोन धावांनी पुढे होतो, त्यांची दोन माणसं धाव पुरी करायला टपून बेसवर होती, आणि चेंडू डावीकडे कडेला उंच गेला. असुंताने डोळे मिटले. आमचा खेळाडू कुठून धावत आला देव जाणे, त्याने हात लांब केला आणि चेंडू हातमोज्यात. तिथून फेकलेल्या चेंडूवर त्यांचा आणखी एक माणूस बाद झाला. पुढे ते बरोबरी काही करू शकले नाहीत.

आम्ही जिंकलो. चर्चच्या घंटा, गाड्यांचे भोंगे, खिडक्याखिडक्यांतून पातेली बडवणाऱ्या बायका. मिसेस लिंडक्विस्ट अर्धं डोकं कुरळं आणि अर्धं सरळ अशा अवतारात रस्त्यावर नाचत होत्या. एवढ्यात भुयारी रेल्वेच्या जिन्यावरून कॉन वर आला. हातात कपड्यांची पेटी, चेहरा गोंधळलेला.

"काय झालं?" त्याने मला विचारलं.

"तुझं लग्न ठरलं."

तो तिथेच फुटपाथवर पेटीवर बसला. मग एकेक कळलं. तो धाकट्या भावाकडे, डर्मटकडे राहायचा. तिथे टीव्हीवर सामना बघताना त्या झेलाला याने उठून टाळ्या वाजवल्या. डर्मट म्हणाला, "बायकोपायी धर्म बदलला असतास तरी चाललं असतं. हे नाही चालायचं." आणि याची पेटी दाराबाहेर ठेवली. पुढचा सगळा सामना कॉन जमिनीखालून प्रवास करत होता.

असुंता दारात आली. हसत होती. "कॉन, मी ब्राँक्सला येणार नाही हं."

"मला तरी तिथे कोण राहू देतंय?" तो म्हणाला.

जानेवारीत लग्न झालं. डर्मट काळा टाय लावून आला आणि सगळ्यांत जास्त जेवला. कॉन सासूच्या घरी राहायला आला आणि आठवडाभरात तिचा लाडका झाला. छप्पन्न साली यांकीजनी आम्हाला पुन्हा हरवलं, तेव्हा मात्र त्याचं जुनं रक्त उसळलं. त्या संध्याकाळी त्याला गार जेवण मिळालं. पुढच्या वर्षी संघच ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला. असुंताने रेडिओ उचलून माळ्यावर टाकला.

त्रेसष्ट साली त्याच संघाने यांकीजना सलग चार सामन्यांत झोपवलं. डर्मटचा फोन आला. "वहिनी, आता तरी खूश?"

"सोडून गेलेली माणसं ती. माझी कोण लागतात?" ती ठसक्यात म्हणाली. पण दिवसभर गुणगुणत होती, आणि संध्याकाळी तिने लझान्याचं भलंमोठं भांडं भरून कॉनच्या हाती दिलं.

"तुझ्या भावाकडे दे," ती म्हणाली. "दुःखाच्या घरी चूल पेटत नाही."