वीस चिठ्ठ्या आणि एक नारळ

पहिल्यांदा तो खेळ पाहिला तेव्हा मला वाटलं, भांडण चाललंय. बेळगावच्या आमच्या हॉस्टेलमधला जेवणाचा हॉल, शनिवारची दुपार. चार मुली एका टेबलाभोवती बसल्या होत्या आणि त्यांतली एक उभी राहून ओरडत होती, "मी ते दार उघडणार नाही म्हणजे नाही!" तिच्यासमोर दार नव्हतं. दोन स्टीलचे ग्लास होते, काही कागद होते आणि एक निळा, बऱ्याच बाजूंचा फासा होता.

मी पाणी प्यायला आले होते. तशीच भिंतीला टेकून उभी राहिले आणि अर्ध्या तासात मला खेळ कळला. एकजण गोष्ट सांगते. बाकीच्या त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारी विचारते, "आता तू काय करतेस?" आणि जिला विचारलं ती मनात येईल ते करू शकते. जमेल की नाही हे सांगता येत नसेल, तिथं फासा टाकायचा. त्याला वीस बाजू. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फजिती. जिंकणं-हरणं असं काही नाही. गोष्ट पुढे जाते, एवढंच.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला बोलावून बसवलं. मी किल्ल्यावरची पहारेकरीण झाले. त्या दुपारी मी जेवढी बोलले तेवढी वर्गात वर्षभरात बोलले नव्हते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वर्गात हात वर करायच्या आधी मी वाक्य मनात तीनदा फिरवून बघते, त्यात गावाकडचा शब्द राहिला नाही ना म्हणून. तोवर विषय पुढे गेलेला असतो. टेबलावर तेवढा वेळच नव्हता. दारावर कोणीतरी धडका देत होतं आणि पहारेकरीण मी होते!

गोष्ट सांगायची ती आमची एक सीनियर. आम्ही सगळ्या तिला अक्का म्हणायचो. दिवाळीच्या सुट्टीआधी ती म्हणाली, "माझा प्रोजेक्ट सुरू होतोय. सुट्टीनंतर मला बसता येणार नाही. कुणीतरी माझ्या जागी बसा, नाहीतर शनिवार बंद. सुट्टी संपायच्या आत मला कळवा." बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. मी फाशाकडे पाहिलं.

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की रात्री पडल्यापडल्या मी गोष्टी रचत होते. पण अक्काकडे तीन जाडजूड रंगीत पुस्तकं होती, ती पाहूनच माझा धीर सुटायचा. कॉलेजला प्रवेश घेतला तेव्हा मी यादीतली सगळी पुस्तकं आधी विकत आणली होती. इतर मुली लायब्ररीतून घेतात, झेरॉक्स काढतात, हे मला दुसऱ्या सहामाहीत कळलं. तरी सवय तीच. कशातही पाय ठेवायचा तर आधी सगळं सामान हवं, नाहीतर आपण तिथल्या नाही. म्हणून मी फोनवर शोधून वहीच्या मागच्या पानावर यादी केली. पुस्तकं, प्रत्येकीला एकेक फाशांचा संच, चौकटी आखलेला नकाशा, छोट्या बाहुल्या, आणि सांगणारीने आपले कागद लपवायला समोर उभा करायचा एक पुठ्ठा. बेरीज तेरा हजारांच्या वर गेली. मी वही मिटली आणि गावाला जाणारी बस धरली.

आमचं गाव रामनगरहून जोयड्याकडे जाताना लागतं. माझा मोठा भाऊ, अण्णा, त्याच रस्त्यावर जीप चालवतो. त्याची जीप चालते म्हणून मी शिकते, हे घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी जीपचा हिशोब लिहायला कागद शोधताना त्याच्या हाती माझी वही लागली. अंगणात ताडपत्रीवर भात वाळत घातलं होतं आणि कोंबड्या हाकलायला मी, वहिनी आणि आत्ती बसलो होतो. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची, बहीण. ती आमच्याकडेच असते आणि घरातला शेवटचा शब्द तिचाच.

"हे काय गं?" अण्णा यादी वाचत बाहेर आला. "बाहुल्या, नकाशा... अन् पुठ्ठ्याला पंधराशे? सोन्याचा हाय काय पुठ्ठा?"

"दे की इकडं."

"कॉलेजात बाहुल्या खेळायला लावल्यात व्हय आता?" वहिनी हसायला लागली.

मी वही हिसकावून घेतली, पण अण्णाचा चेहरा बदलला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "कॉलेजला लागतंय काय? लागत असलं तर सांग. टायरचं पुढच्या महिन्यात बघू."

टायर गुळगुळीत झाले होते. ते ऐकून मला इतकी लाज वाटली की मी सगळं सांगून टाकलं. खेळ, अक्का, तिची जागा. शेवटी म्हणाले, "कॉलेजला लागत न्हाई. मलाच पायजे होतं. पण न्हाई घेत."

आत्तीने विचारलं, "म्हणजे गोष्ट सांगायची, अन् आम्ही मधी बोलायचं?"

"व्हय."

"मग त्याला पुठ्ठा कशाला? सांग की."

"फासा पायजे आत्ती. वीस बाजूंचा."

वहिनी उठून आत गेली. गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान आणि कात्री घेऊन आली. एक ते वीस आकडे तिने चौकोनी कापले, घड्या घातल्या आणि पितळी तांब्यात टाकले. "घे. काढायची चिठ्ठी, अन् परत टाकायची. झाला तुझा फासा."

पुस्तक नाही, नकाशा नाही. तिघं माझ्याकडे बघत होते आणि मला काही तरी सांगायचं होतं. किल्ले आणि राक्षस त्या क्षणी आठवेनात. मी म्हणाले, "तुम्ही तिघं जीपमधनं निघालाय. पलीकडच्या वाडीत एक बाई बाळंतपणात अडल्या, तिचं औषध तुमच्याकडं हाय. अंधार पडायच्या आत पोचायचं. मधी ओढा लागतो, त्याच्यावरचा साकव वाहून गेलाय. आधी सांगा, तुम्ही कोण?"

"मी डायवर," अण्णा लगेच म्हणाला.

"रोज तेच करता, आता तरी दुसरं कायतरी व्हा," वहिनी म्हणाली. "मी पोलीस. साधी न्हाई, मोठी."

"मी मीच," आत्ती म्हणाली. "मला काय धाड भरल्या?"

अण्णाने तांब्यात हात घातला. "जीप चालू करतो."

आत्तीने त्याच्या हातावर चापट मारली. "जीप चालू करायला देवाला इचारतोस? रोज काय कौल लावून गाडी काढतोस व्हय?"

आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीवर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आत्तीने तांब्याकडे पाहिलं आणि तिच्यापुरता तो कौलच झाला. तिने हात धुतले. पदर खोचला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चिठ्ठी काढायच्या आधी बोलायचं. कितीला व्हय, कितीला न्हाई. मागनं बोलायचं न्हाई."

"दहाच्या वर आलं तर जमलं."

"आन् न्हाई आलं तर काय होणार, तेबी आधी सांग."

अक्काने मला हे कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी आधी सांगायला लागले आणि अंगणातली हवाच बदलली. वहिनी ओढा ओलांडणार होती, औषधाची पिशवी डोक्यावर घेऊन. मी म्हणाले, "दहाच्या वर आलं तर पार. खाली आलं तर पाय निसटला." वहिनीने डोळे मिटून चिठ्ठी काढली.

"बारा!" ती ओरडली. "बारा, गॅस आला!" कॅलेंडरच्या त्या चौकोनात तिनेच मागच्या महिन्यात तसं लिहून ठेवलं होतं.

पण परत येताना, म्हणजे अण्णाला हात द्यायला ती पुन्हा पाण्यात उतरली तेव्हा, चार आला. तिचा चेहरा एवढासा झाला. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "असू दे वहिनी, एक फांदी हाताला लागली, वाचलात तुम्ही."

"का म्हणून?" आत्ती कडाडली. "काय बोल्लीस मघाशी? पाय निसटला म्हणालीस. कौल झाला, आता फिरवायचा न्हाई."

"आत्ती, खेळ हाय हा."

"खेळ असला म्हणून काय झालं? असा फिरवायलीस तर उद्या कोण ऐकंल तुझं?"

मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं. पडू दे मला."

म्हणून मी तिला पाडलं. मनापासून पाडलं. पाणी कसं गढूळ होतं, अण्णाचा हात कसा सुटला, ती खडकावरून कशी घसरत गेली, सगळं सांगितलं. वहिनीने माझा दंड धरला होता. अण्णा ताडपत्रीवर गुडघ्यांवर उठून बसला आणि म्हणाला, "दोर हाय! सीटखाली दोर असतोय माझ्या!" त्याने सतरा काढला आणि आम्ही सगळे असे ओरडलो की आई चुलीपासून धावत आली. कोंबड्या भातात शिरल्या होत्या आणि चौघांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं.

त्यापुढे मला काही आठवावं लागलं नाही. तोंडातून गोष्ट येत होती आणि मी कोणत्या शब्दात बोलतेय याचा विचार कुठेच नव्हता. दोर बांधून जीपही ओढ्यापार आली. वाडीच्या अलीकडे मी रस्त्यात एक गवा उभा केला. जंगलातला रानगवा, काळा, जीपएवढा, हलायला तयार नाही. अण्णा म्हणाला, हॉर्न मारतो. वहिनी म्हणाली, वेड्यागत करू नका. आत्ती दोघांना गप्प करून म्हणाली, "मी खाली उतरते. हात जोडते. राखणदारा, तुझं जनावर बाजूला घे, बाई अडल्या. तुला नारळ देते." मग तिने खरोखरच हात जोडले, डोळे मिटले, आणि चिठ्ठी काढली.

एकोणीस.

गवा वळला आणि झाडीत गेला. औषध पोचलं. मुलगी झाली. आत्तीने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाळंतीण बरी हाय न्हवं?" मी म्हणाले, बरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आत्ती आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर तयार. हातात नारळ.

"कुठं निघालीस?"

"राखणदाराकडं. बोल्लेय न्हवं काल."

अण्णा चहा पीत होता. त्याला ठसका लागला. "अगं, गोष्टीतला गवा होता तो!"

"गवा गोष्टीतला असंल. नारळ मी बोल्ले. तू गप चहा पी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् तू चल संगट. तुझ्यामुळं बोलायला लागलं."

गावाच्या वेशीवर एका मोठ्या झाडाखाली आमचा राखणदार, गाव सांभाळणारा देव, आहे. आत्तीने नारळ फोडला आणि गाऱ्हाणं घातलं. मी बाजूला हात जोडून उभी होते. त्यात माझं नाव आलं. ही पोर मोठ्या गावात शिकते, हिची जीभ अडखळू देऊ नको, असं ती म्हणाली. मी तिला तसलं कधीच सांगितलं नव्हतं. अडखळते, हे तिला कसं कळलं, मला माहीत नाही. खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवत ती म्हणाली, "ती जागा घे. कोण सांगायलंय तुझ्यापेक्षा चांगलं?"

"आत्ती, तू दुसऱ्या कुणाचं ऐकलंस तरी कुठं?"

"न्हाई ऐकलं तर न्हाई. घे."

त्या दुपारी मी अण्णाच्या जीपमधून रामनगरला गेले, कारण आमच्याकडे फोनला रेंज धड मिळत नाही. स्टँडवर उतरून अक्काला मेसेज लिहिला. तीनदा लिहिला, दोनदा खोडला. शेवटी एवढाच पाठवला: 'मी बसते तुमच्या जागी. पण माझ्याकडे पुस्तकं नाहीत.'

लगेच फोन आला. अक्का हसत होती. "अगं, पुस्तकं मी कपाटात ठेवूनच जाणार आहे. ती पण माझी नाहीत, माझ्या आधीच्या मुलीने ठेवली होती. सुरुवातीचे नियम तर फुकट मिळतात फोनवर. तू विचारलं का नाहीस कधी?"

खरंच, मी विचारलंच नव्हतं. तिच्या शेजारी बसून एवढे शनिवार खेळले, पण एक साधा प्रश्न माझ्या तोंडून निघाला नव्हता. मी फोनवर म्हणाले, "अक्का, एक विचारू? चिठ्ठी... म्हणजे फासा टाकायच्या आधीच सांगायचं का, कितीला काय होणार ते?"

"सांगितलं तर फार चांगलं. कुणी शिकवलं तुला?"

"आत्तीने," मी म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये अकरा माणसं होती. मी पुढे, अण्णाच्या शेजारी दाटीवाटीने बसले होते. गाडी रस्त्याला लागली तसा अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मग? औषध दिलं, मुलगी झाली. आता परत येताना अंधार पडला असंल. ओढ्यावर साकव न्हाई. आम्ही घरी कसं येणार?"

मागून एक म्हातारे काका म्हणाले, "कुठल्या ओढ्यावर साकव न्हाई रं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मागे वळून बसले आणि विचारलं, "काका, तुम्ही असता तर काय केलं असतं?"