मोकळ्या गळ्याची जोडी

आगगाडी आमच्या भागात येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मिठागरावरच्या आम्हा पोरांना कौतुक होतं ते शर्यतीच्या छकड्याचं. छकडा म्हणजे दोन चाकं, एक फळी आणि तिच्यावर जीव मुठीत धरून बसलेला माणूस. आमचा छकडा पंचक्रोशीत सगळ्यांत हलका, आणि त्याची मला भलती घमेंड.

त्या दिवशी कल्याणच्या बाजाराला निघताना मी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून खुंटीला टांगल्या. तेवढंच ओझं कमी. बाबाने पाहिलं.

"पोरा, घुंगरांबिगर गारी हाकू नको. म्होरच्याला आयकू गेली पायजे."

म्हाताऱ्याला शर्यतीतलं काय कळतंय, असं मनात म्हणत मी निघालो.

परतताना भर दुपारी हस्ताचा पाऊस कोसळायला लागला. मानपाड्याच्या अलीकडे उतार लागतो, तिथे दहा हातांपलीकडचं दिसेना. तेवढ्यात पुढून घुंगरं वाजली. त्यांतलं एक फुटकं होतं, थडथड वाजणारं. आमच्या माळेतही तसंच एक होतं. मी वाकून बैलांचे गळे पाहिले, मोकळेच होते. बैलांनी कान टवकारले आणि त्या आवाजाकडे ओढ घेतली.

आमच्याकडे म्हणतात, चकवा लागला की थांबायचं नाही, थांबला तो संपला. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. कासरा सैल सोडला आणि बैलांवर चाबूक ओढला. ओल्या खडीवर चाकं घसरली, छकडा आडवा फिरला आणि कासरा हातातून निसटला. समोरून पानांचं इरलं डोक्यावर घेऊन, मान खाली घालून कुणीतरी चढ चढत होतं. त्याच्या खांद्यावर आमच्या माळा होत्या.

मला वाटेतच गाठून त्या बैलांच्या गळ्यात घालायच्या, म्हणून बाबा पावसात निघाला होता. मी नुसता थांबलो असतो तरी भागलं असतं.

चाक त्याच्या छातीवरून गेलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दिवेलागणीपर्यंतसुद्धा तो राहिला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त नवल केल्यासारखा म्हणाला,

"तुजी गारी मना आयकूच नाय आली रं."